डार्कलिंग : एका विशेषणाची कुळकथा

१

जॉन कीट्सची 'ओड टु अ नाइटिंगेल' शिकवताना सहाव्या कडव्याच्या अगदी पहिल्या शब्दापाशी वर्ग थबकतो, असा आमचा अनुभव आहे. तो शब्द म्हणजे 'डार्कलिंग'. कोश उघडले जातात, 'अंधारात' असा अर्थ सापडतो, पुस्तकाच्या समासात तो पेन्सिलीने लिहिला जातो आणि तास पुढे सरकतो. अडचण मिटली असे सर्वांनाच वाटते. पुढे केव्हातरी मॅथ्यू अर्नल्डची 'डोव्हर बीच' हाती येते. तिथे शेवटी तोच शब्द एका मैदानाला जोडलेला दिसतो, आणि समासातला जुना अर्थ तिथे नीट बसत नाही. थॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश'पाशी तो आणखीच अपुरा पडतो. पक्षी अंधारात आहे, की पक्षीच अंधारत चालला आहे? अशा वेळी वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, की शब्दाच्या शेवटी 'इंग' आहे, तेव्हा हे धातुसाधित विशेषण असले पाहिजे. मग त्याचा मूळ धातू कोणता?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. हाच प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजीतल्या सर्वांत नामांकित कोशकारालाही पडला होता, आणि त्यालाही उत्तर सापडले नव्हते. त्याचे ते न सापडणे, आणि त्यानंतर त्या शब्दाचे जे काही झाले ते, हाच ह्या लेखाचा विषय आहे. एका दुर्मीळ विशेषणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे, की इंग्रजीतल्या किमान तीन थोर कवितांचा अर्थ ह्या एका शब्दाच्या व्याकरणावर तोललेला आहे. शिवाय शब्दाचा 'खरा' अर्थ म्हणजे काय, ह्या प्रश्नाला इतके नेटके उदाहरण क्वचितच मिळते.

२

सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी भाषेचा कोश १५ एप्रिल १७५५ रोजी दोन भव्य खंडांत प्रसिद्ध झाला. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर बसून सहा लेखनिकांच्या साह्याने त्याने तो सिद्ध केला. सुमारे ४३,००० शब्द आणि त्यांच्या प्रयोगांची सुमारे १,१४,००० अवतरणे असा तो पसारा होता. ह्या कोशाची पद्धत लक्षात घेतल्याखेरीज पुढच्या गोष्टीतली गंमत कळायची नाही. जॉन्सन आधी पुस्तके वाची. वाचता वाचता उपयोगी शब्दांखाली रेघ ओढी आणि समासात खूण करी. मग लेखनिक ती वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. म्हणजे एखादा शब्द इंग्रजीत आहे असे म्हणायचे तर तो कोणा लेखकाने वापरलेला दाखवता आला पाहिजे, हा त्याचा दंडक होता. अशा माणसाने 'हा शब्द मला कधीही आढळला नाही' असे लिहिले, तर ती साधी कबुली राहत नाही. एका विराट वाचनाने दिलेली ती नकारार्थी साक्ष असते.

'डार्कलिंग'च्या नोंदीत जॉन्सनने नेमके हेच लिहिले आहे. शब्दाची व्युत्पत्ती देताना तो दोन तर्क करतो. पहिला असा, की हे 'डार्कल' ह्या क्रियापदापासून झालेले धातुसाधित दिसते. पण लगेच तो सांगून टाकतो, की हे 'डार्कल' आपल्याला कुठे सापडलेले नाही. दुसरा तर्क असा, की 'यंग'पासून जसे 'यंगलिंग' होते तसे 'डार्क'पासून झालेले हे एक प्रकारचे लघुत्वदर्शक रूप असावे. ह्यानंतर तो अर्थ देतो, अंधारात असणारा, प्रकाशावाचून असणारा. आणि शेरा मारतो, की हा शब्द केवळ काव्यातला आहे.

हा शेरा वाचताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कोशाच्या आधी सहा वर्षे, १७४९ मध्ये, जॉन्सनची 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' ही दीर्घ कविता प्रसिद्ध झाली होती. रोमन कवी जुव्हेनलच्या दहाव्या उपरोधिकेच्या धर्तीवर ती रचलेली आहे. तिच्या अखेरीस नियतीच्या लोंढ्यात वाहत जाणाऱ्या माणसासाठी जॉन्सनने हाच शब्द योजला आहे. म्हणजे ज्या शब्दाची जन्मकथा त्याला ठाऊक नव्हती, तो शब्द त्याने आपल्या सर्वांत गंभीर काव्यात, सर्वांत गंभीर जागी वापरला होता. कोशकार जॉन्सन ज्या शब्दापाशी अडखळतो, तिथे कवी जॉन्सन अडखळत नाही. आपणही शब्द असेच वापरतो. वापरण्यापूर्वी त्यांची वंशावळ मागत नाही.

जॉन्सनचे दोन्ही तर्क चुकीचे होते. पण त्याने ते तर्क म्हणूनच मांडले. धातू सापडत नाही, हे त्याने झाकून ठेवले नाही. त्याची ही सचोटी पुढच्या गोष्टीत फार महत्त्वाची ठरते.

३

खरी व्युत्पत्ती अशी आहे. 'डार्कलिंग'मध्ये 'डार्क' आणि 'लिंग' असे दोन भाग आहेत. 'डार्कल' आणि 'इंग' अशी फोड मुळात नाही. इंग्रजीत 'लिंग' हा प्रत्यय दोन निरनिराळ्या कुळांचा आहे. एक सर्वांच्या ओळखीचा. 'डकलिंग', 'सॅपलिंग', 'यंगलिंग' ह्या नामांत आढळणारा. लहानपणा, पिलूपणा, कधी तुच्छता दाखवणारा. 'डार्लिंग' हा शब्दही ह्याच घराण्यातला. दुसरा प्रत्यय आता मेलेला आहे. जुन्या इंग्रजीत तो क्रियाविशेषणे घडवीत असे, आणि दिशा किंवा स्थिती दाखवीत असे. 'मागच्या दिशेने' ह्या अर्थाचा 'बॅकलिंग' हा शब्द जुन्या इंग्रजीत होता. 'हेडलाँग', 'साइडलाँग' हे आजचे शब्द मुळात 'हेडलिंग', 'साइडलिंग' असे होते. प्रत्ययाचा अर्थ विसरला गेल्यावर लोकांनी त्यांना 'लाँग' ह्या ओळखीच्या शब्दाचा पोशाख चढवला.

'डार्कलिंग' हे पंधराव्या शतकापासून आढळणारे असेच एक क्रियाविशेषण. त्याचा अर्थ 'अंधारात', 'अंधारातल्या अंधारात' एवढाच. 'काळे', 'अंधारलेले' असा गुण ते सांगत नाही. कोणी काही करतो आहे आणि ते अंधारात करतो आहे, एवढेच ते सांगते. शेक्सपिअर हा शब्द असाच वापरतो. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये हेलेना अरण्यात एकटी टाकली जाण्याच्या भयाने तो उच्चारते. 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकात विदूषक तो उच्चारतो. मेणबत्ती विझली आणि आपण अंधारात राहिलो, ह्या आशयाचे ते असंबद्ध वाटणारे वाक्य पुढच्या सगळ्या नाटकाचे भाकीत ठरते. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये अँटनी मरणोन्मुख असताना क्लिओपात्रा जगाच्या किनाऱ्यालाच अंधारात उभे राहायला सांगते. तिन्ही ठिकाणी कोणी तरी अंधारात टाकले गेले आहे. कोणीही स्वतः काळे पडलेले नाही.

प्रत्यय मेला की त्याने घडवलेले शब्द पोरके होतात. बोलणाऱ्यांना त्यांची घडण कळेनाशी होते, आणि ते त्यांची नवी फोड करतात. 'लिंग' प्रत्यय विस्मृतीत गेल्यावर अशा शब्दांच्या शेवटी लोकांना 'इंग' ऐकू येऊ लागले. 'ग्रॉव्हलिंग' हे मुळात 'पालथे, तोंडघशी' ह्या अर्थाचे क्रियाविशेषण. त्याला धातुसाधित समजून त्यातून 'ग्रॉव्हल', म्हणजे लोटांगण घालणे, हे क्रियापद काढले गेले. शेक्सपिअरच्या नाटकांत ते सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दिसते. 'साइडलिंग'मधून सतराव्या शतकात 'सायडल', म्हणजे कडेकडेने सरकणे, हे क्रियापद निघाले. ही दोन्ही क्रियापदे आज इतकी रुळली आहेत, की त्यांच्या जन्मात काही खोट आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

जॉन्सन 'डार्कल'च्या शोधात होता तो ह्याच कारणाने. त्याच्या कानालाही 'इंग' ऐकू आले. ज्या धातूचा त्याने शोध घेतला तो अस्तित्वातच नव्हता, म्हणून तो सापडला नाही. आणि आता गोष्टीतला सर्वांत चमत्कारिक भाग. जॉन्सननंतर पुढच्या शतकाच्या आरंभी 'डार्कल' अवतरले. बायरनच्या 'डॉन जुआन' ह्या दीर्घकाव्यात (१८१९ ते १८२४) ते 'स्पार्कल'च्या यमकात बसलेले आहे. ते यमक बोलके आहे. 'स्पार्क'पासून 'स्पार्कल' होते, तर 'डार्क'पासून 'डार्कल' का होऊ नये? लुकलुकणाऱ्या प्रकाशाला शब्द आहे, तर लुकलुकणाऱ्या अंधारालाही हवा. कोशकाराने ज्याची जागा रिकामी म्हणून दाखवली होती, ती जागा कवींनी भरून टाकली. मूल आधी जन्मले आणि बाप मागाहून, असा हा प्रकार आहे. भाषाशास्त्र ह्याला उलटी शब्दसिद्धी म्हणते, आणि भाषेच्या इतिहासात तिची उदाहरणे विपुल आहेत.

४

आता कवितांकडे वळू. त्या कालक्रमाने वाचल्या तर एका व्याकरणिक चुकीतून केवढी काव्यशक्ती निर्माण झाली ते दिसते.

जॉन मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'चा (१६६७) तिसरा सर्ग प्रकाशाच्या आवाहनाने सुरू होतो. मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता, आणि हे महाकाव्य त्याने लेखनिकांना सांगून लिहवले. ह्या आवाहनात रात्री जागणारा एक पक्षी येतो. तो गर्द सावलीत दडून अंधारात गातो, आणि कवी आपली तुलना त्याच्याशी करतो. इथे 'डार्कलिंग' हे निखळ जुने क्रियाविशेषण आहे. पक्षी गातो, कुठे? तर अंधारात. पण ह्या शब्दानंतर काही ओळींतच कवीच्या अंधत्वाची ती हृदय पिळवटणारी तक्रार येते. ऋतू परत येतात, पण दिवस परत येत नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात अंधार हा पक्ष्याच्या भोवती न राहता गाणाऱ्याच्या आत शिरतो. व्याकरण अजून जुने आहे, पण अर्थ हलू लागला आहे.

पुढे अठराव्या शतकात ह्या शब्दाकडे विशेषण म्हणून पाहण्याची सवय वाढत गेली. नामाच्या मागे बसण्याचीही त्याला सवय झाली. 'अंधारात' ह्या स्थलवाचक अर्थाबरोबर 'काळोखा' आणि 'काळोखत जाणारा' हे गुणवाचक अर्थ त्याला चिकटले.

१८१६ च्या जुलैत जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनने 'डार्कनेस' ही कविता लिहिली. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, आणि त्याच्या धुरळ्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. बायरनच्या कवितेत सूर्य विझलेला आहे आणि तारे अनंत अवकाशात 'डार्कलिंग' भटकत आहेत. आजवर हा शब्द बहुधा माणसाला किंवा पक्ष्याला लागत असे. प्रकाश कुठेतरी असतो आणि तो ह्यांच्यापर्यंत पोचत नाही. इथे तो प्रकाशाच्या उगमालाच लागला आहे. ताराच जर अंधारात असेल तर त्याला 'अंधारात' म्हणणे आणि 'विझलेला' म्हणणे ह्यांत फरक उरतो का? बायरनने शब्दाचा अर्थ टोकापर्यंत ताणला, आणि तो तुटला नाही.

कीट्सची कविता १८१९ च्या वसंतातली. डिसेंबर १८१८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता. मिल्टन त्याने टिपणे करीत बारकाईने वाचला होता. सप्टेंबर १८१९ मध्ये मात्र तो पत्रातून सांगतो, की मिल्टनच्या शैलीत आपल्याला जगता येणार नाही. 'डार्कलिंग'ची योजना ह्या दोन टोकांच्या मधली आहे. शब्द मिल्टनच्याच पक्ष्याचा आहे, पण कीट्सने तो पक्ष्याकडून काढून ऐकणाऱ्याकडे दिला. मिल्टनचा पक्षी अंधारात गातो. कीट्सचा माणूस अंधारात ऐकतो. ही अदलाबदल किरकोळ नाही. गाणारा आता अंधाराच्या पलीकडे आहे आणि अंधार ऐकणाऱ्याच्या वाट्याला आला आहे.

शिवाय शब्दाची जागा पाहावी. पाचव्या कडव्यात कवीला पायाशी कोणती फुले आहेत ते दिसत नाही. तो गंधावरून ती ओळखू पाहतो. तिथला अंधार बाहेरचा, बागेतला आहे. सहावे कडवे 'डार्कलिंग' ह्या शब्दाने उघडते आणि लगेच मृत्यूच्या ओढीकडे वळते. जुन्या व्याकरणाने वाचले तर अर्थ होतो, 'अंधारात मी ऐकतो'. पाचव्या कडव्यातली बागच पुढे चालू आहे. नव्या व्याकरणाने वाचले तर अर्थ होतो, 'अंधारत जाणारा मी ऐकतो'. सहाव्या कडव्यातले मरण सुरूच झाले आहे. कडव्यांमधला सांधा ह्या एका शब्दावर फिरतो, आणि तो फिरू शकतो ह्याचे कारण शब्दाची दुहेरी घडण. कीट्सला ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. दोन्ही अर्थ त्याच्या काळी कानांत घुमत होते, एवढे पुरेसे होते.

अर्नल्डची 'डोव्हर बीच' १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे लेखन त्याच्या बरेच आधीचे, बहुधा १८५१ च्या सुमाराचे मानले जाते. तिच्या शेवटी मैदानावर अज्ञानाच्या अंधारात लढणाऱ्या सैन्यांची प्रतिमा आहे. थ्युसिडिडीसने वर्णिलेली सिरॅक्यूजजवळच्या एपिपोली पठारावरची, ख्रिस्तपूर्व ४१३ मधली, रात्रीची लढाई तिच्यामागे आहे. त्या लढाईत अथेन्सच्या सैनिकांना मित्र कोण आणि शत्रू कोण हेच ओळखू येईना. अर्नल्डच्या वडिलांनी थ्युसिडिडीसच्या ग्रंथाची आवृत्ती संपादली होती, तेव्हा हा प्रसंग त्याच्या घरचाच म्हणायचा. इथे 'डार्कलिंग' पूर्णपणे विशेषण झाले आहे. मैदानाच्या मागे बसले आहे. प्रश्न असा, की मैदान अंधारात आहे की अंधारत चालले आहे? पहिला अर्थ घेतला तर श्रद्धेचा समुद्र ओसरून गेला आहे, आता उरला आहे तो काळोख. दुसरा घेतला तर ओसरणे अजून चालू आहे आणि आपण त्याच्या मध्ये उभे आहोत. व्हिक्टोरियन काळातल्या श्रद्धालोपाबद्दल कवीचे म्हणणे काय, हे शेवटी ह्या 'इंग'ला आपण काय मानतो ह्यावर थोडेसे अवलंबून राहते.

हार्डीची कविता २९ डिसेंबर १९०० रोजी 'द ग्राफिक' ह्या साप्ताहिकात प्रथम छापून आली तेव्हा तिचे शीर्षक वेगळे होते. त्यात शतकाच्या मृत्युशय्येचा उल्लेख होता. 'द डार्कलिंग थ्रश' हे शीर्षक मागाहून आले. आणि ह्या कवितेच्या मजकुरात 'डार्कलिंग' हा शब्द एकदाही येत नाही. तो केवळ शीर्षकात आहे. म्हणजे हार्डीने तो वर्णनाच्या गरजेपोटी वापरला नाही. त्याने तो वारसा म्हणून घेतला आणि कवितेच्या दारावर लावला. मिल्टनकडून कीट्सकडे येताना पक्ष्याकडून माणसाकडे गेलेला शब्द त्याने पुन्हा पक्ष्याला परत केला. पण हा पक्षी नाइटिंगेल नव्हे. तो म्हातारा, कृश, वाऱ्याने पिसे विस्कटलेला थ्रश आहे, आणि दाटत्या काळोखात जीव ओतून गातो आहे. तो अंधारात आहे आणि तो स्वतःही मावळतो आहे. दोन्ही अर्थ इथे एकाच देहात राहतात.

५

इथे कोणी आक्षेप घेईल, की हे सगळे एका चुकीवर उभे आहे. मूळ अर्थ 'अंधारात' असा असताना 'अंधारत जाणारा' हा अर्थ घेणे म्हणजे अज्ञानाला रसिकता म्हणणे नव्हे काय? आक्षेप टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्याच घरातली दोन-तीन उदाहरणे आठवली.

'विधवा' ह्या शब्दाची आपण सहज फोड करतो : 'वि' म्हणजे विरहित आणि 'धव' म्हणजे पती. पण ज्या आदिभाषेतून संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी निघाल्या तिथपासून हा शब्द अखंड आहे. लॅटिनमधला 'विदुआ' आणि इंग्रजीतला 'विडो' हे त्याचेच भाऊबंद, आणि त्यांच्यात कुठेही 'धव' नाही. वियोगाच्या, रितेपणाच्या अर्थाचा हा एक सलग शब्द होता. संस्कृत बोलणाऱ्यांना त्याच्या आरंभी 'वि' हा उपसर्ग ऐकू आला. मग उरलेल्या भागाला अर्थ हवा, म्हणून 'धव' जन्माला आला. यास्काने निरुक्तात 'विधवा'च्या ज्या अनेक व्युत्पत्त्या दिल्या त्यांत धव हे मनुष्याचे नाव आहे आणि त्याच्या वियोगाने विधवा, असाही एक पर्याय आहे. यास्कही जॉन्सनप्रमाणेच एकापुढे एक तर्क मांडतो आणि त्यांना तर्कच ठेवतो.

तीच गत 'असुर'ची. वेदांच्या प्राचीन भागांत तो वरुणासारख्या देवांनाही लावलेला गौरवाचा शब्द आहे. अवेस्तातला 'अहुर' म्हणजे तोच. पुढे त्याच्या आरंभीच्या 'अ'ला नकार समजले गेले, आणि नकार काढल्यावर जे उरले ते 'सुर', म्हणजे देव. काळ्या अर्थाच्या 'असित'मधून पांढऱ्या अर्थाचा 'सित' निघाला तो ह्याच रीतीने, असे मानले जाते.

आता विचारावेसे वाटते, की 'सुर' आणि 'धव' हे शब्द खोटे आहेत काय? 'माधव' म्हणजे लक्ष्मीचा पती, अशी व्युत्पत्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. 'सुरासुर', 'सुरवर', 'सुरसरिता' हे शब्द वगळले तर आपल्या संतपंडितांच्या काव्यातला किती भाग शिल्लक राहील? जन्म चुकीतून झाला म्हणून शब्द अनौरस ठरत नाही. कोणी तो वापरला, कोणाला तो कळला आणि त्याने काही सांगितले, की तो भाषेचा झाला. व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते; त्याच्यावर निकाल देण्याचा अधिकार तिला नाही.

पण ह्याचा अर्थ व्युत्पत्ती निरुपयोगी आहे असाही नव्हे, आणि आमचा मुद्दा नेमका इथे आहे. कोणताही अर्थ कुठेही चालतो असे मानले, तर शेक्सपिअरच्या विदूषकाच्या तोंडी आपण कीट्सचा अर्थ घालू आणि मिल्टनच्या पक्ष्याला हार्डीचे म्हातारपण चिकटवू. 'सुर'ची कथा ज्याला ठाऊक नाही तो वेदातल्या 'असुर' वरुणापाशी गोंधळणारच. शब्दाचा अर्थ नेहमी तारीख घेऊन येतो. १६०६ मधला 'डार्कलिंग' आणि १९०० मधला 'डार्कलिंग' ह्यांचे अक्षरलेखन एक आहे, पण व्याकरण एक नाही. समासात पेन्सिलीने एकच अर्थ लिहून मोकळे होणे जसे अपुरे, तसेच सगळे अर्थ एकदम सगळीकडे पसरणेही अपुरे.

६

मराठीत ह्या कविता आणू पाहणाऱ्याला हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो. मराठी ह्या बाबतीत इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. आपल्याकडे 'अंधारात' ही सप्तमी वेगळी, 'अंधारा' हे विशेषण वेगळे. त्यातच 'अंधारणे' हा नामधातू आहे, त्यामुळे 'अंधारलेले' आणि 'अंधारणारे' अशी दोन निरनिराळी धातुसाधिते मिळतात. एकात क्रिया संपलेली, दुसऱ्यात चालू. 'अंधारून आलेले' म्हटले की पावसाळी आभाळ डोळ्यांपुढे येते, 'झाकोळलेले' म्हटले की उजेड अजून मागे आहे असे सूचित होते, आणि 'सांजावणारे' म्हटले की त्यात घराकडे परतण्याची हुरहूर येते. इंग्रजी कवीने जे एका शब्दात मोघम ठेवले, ते मराठी अनुवादकाला ठरवावेच लागते.

शेक्सपिअर आणि मिल्टन ह्यांच्यापाशी निर्णय सोपा आहे : 'अंधारात'. तिथे 'अंधारलेला' लिहिणे ही सरळ चूक ठरेल. अर्नल्डपाशी 'अंधारलेले मैदान' आणि 'अंधारत चाललेले मैदान' ह्यांतून एक निवडावे लागते, आणि निवडताना अनुवादक आपल्या नकळत कवितेवर भाष्य करून बसतो. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. समुद्र ओसरतानाचा जो लांबत जाणारा आवाज ह्या कवितेत आधी ऐकू येतो, त्याच्याशी संपलेल्या क्रियेपेक्षा चालू क्रियेचे नाते जवळचे वाटते. कीट्सपाशी मात्र आम्ही हात टेकतो. 'अंधारात मी ऐकतो' म्हटले तर मरण निसटते. 'अंधारत मी ऐकतो' म्हटले तर बाग निसटते. तिथे अनुवादकाने एक वाट धरावी आणि शिक्षकाने वर्गात दुसरी दाखवावी, ह्यापलीकडे आम्हांला मार्ग दिसत नाही.

व्यवहारातल्या इंग्रजीतून हा शब्द आता जवळजवळ गेला आहे. तो कुठे उरला आहे हे पाहणेही मौजेचे आहे. कीटकशास्त्रात 'डार्कलिंग बीटल' हे टेनेब्रिओनिडी कुळातल्या भुंगेऱ्यांचे रूढ नाव आहे. लॅटिनमध्ये 'टेनेब्रे' म्हणजे अंधार, आणि अंधाराशी सलगी असणारा तो 'टेनेब्रिओ'. पिठात वळवळणारी मीलवर्म नावाची अळी ह्याच कुळातली. दुसरीकडे, कुमारवाचकांच्या अद्‍भुत कादंबऱ्यांत 'डार्कलिंग' हे नाम होऊन बसले आहे. ली बारडुगो ह्या लेखिकेच्या 'शॅडो अँड बोन' (२०१२) ह्या कादंबरीत अंधारावर सत्ता चालवणाऱ्या पात्राचे नावच 'द डार्कलिंग' आहे. इथे शेवटचा 'लिंग' 'यंगलिंग'मधला, प्राणिमात्राला लागणारा वाटतो. अंधारात असणारा नव्हे, अंधाराचा जातक.

म्हणजे जॉन्सनचा दुसरा तर्कही खरा होऊ लागला. 'डार्कल' हा धातू नसताना त्याने तो कल्पिला, आणि पुढच्या शतकाच्या आरंभी कवींनी तो घडवला. 'यंगलिंग'सारखे नाम असावे असे त्याने म्हटले, आणि एकविसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी ते घडवले. दोन्ही वेळा तो भूतकाळाबद्दल चुकला आणि भविष्याबद्दल बरोबर ठरला. त्याने हे भाकीत म्हणून केले नव्हते. भाषेच्या कानाला शब्द कसा ऐकू येतो एवढेच त्याने प्रामाणिकपणे नोंदवले, आणि पुराव्याची जागा मोकळी असल्याचे लपवले नाही.

पुढच्या वेळी वर्गातून तो प्रश्न आला, की ह्या 'इंग'चा मूळ धातू कोणता, तर आम्ही घाईने उत्तर देणार नाही. विद्यार्थ्याला आधी सांगू, की तू जॉन्सनच्या शेजारी येऊन बसला आहेस. मग त्याला विचारू, की तुझ्यापुढे कोणाची कविता उघडी आहे आणि ती कोणत्या साली लिहिली गेली आहे.